सवलतीतलं परदेशी रायडिंग गिअर: पुण्यात दारात किती पडतं, काय मागवावं आणि काय नाही

आधी निकाल सांगतो, मग हिशोब. युरोप-अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानांतून मोटारसायकलवर घालायच्या वस्तूंपैकी पुण्यात मागवण्यासारख्या म्हणजे चांगले ग्लव्हज, लेव्हल २ चं आर्मर (आपटल्यावर मार झेलणारे पॅड), लेदरचं जॅकेट किंवा सूट, आणि इथे आपल्या मापात मिळतच नाही अशी एखादी वस्तू. हेल्मेट मागवू नका. एअरबॅगचं जॅकेट मागवू नका. रेनकोट मागवू नका. साधं टेक्स्टाइल जॅकेट मागवायचं असेल तर सवलत खरोखरच मोठी हवी, नाहीतर इथलंच घेतलेलं बरं.

जर्मनीतलं एफसी-मोटो, स्पेनमधलं मोटोकार्ड, इंग्लंडमधलं स्पोर्ट्सबाइकशॉप, अमेरिकेतलं रेव्हझिला ही नावं रायडर मंडळींना पाठ असतात. यांच्याकडे माल अस्सल असतो आणि इथे कधी येत नाहीत असे रंग आणि मापं असतात. कोणतंही दुकान उघडल्यावर पहिलं काम एकच करा. वस्तू कार्टमध्ये टाका, देश म्हणून भारत निवडा आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन बघा. काही दुकानं भारतात पाठवतच नाहीत. काही पाठवतात, पण ठरावीक ब्रँड सोडून, कारण त्या ब्रँडने विक्रेत्यांना देशाबाहेर विकायला मनाई केलेली असते. हे शेवटच्या पानावरच कळतं, म्हणून तासभर मापं जुळवण्याआधी ही खात्री करून घ्यावी.

भारत निवडला की युरोपियन दुकानात किंमत उतरते. तिकडचा व्हॅट निर्यातीच्या मालावर लागत नाही म्हणून तो वजा होतो. जर्मनीत व्हॅट १९ टक्के, इंग्लंडमध्ये २०, स्पेनमध्ये २१. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. १९ टक्के व्हॅट निघाला म्हणजे किंमत १९ टक्क्यांनी कमी झाली असं नाही. छापील किमतीला १.१९ ने भागायचं, म्हणजे घट साधारण १६ टक्के. २९९.९५ युरोचं जॅकेट २५२.०६ युरोला पडतं. भारत निवडूनही आकडा हलला नाही, तर ते दुकान तुमच्याकडून व्हॅटएवढी रक्कम स्वतःसाठी ठेवून घेतंय. तिथून उठा. अमेरिकन दुकानांचे भाव मुळातच कराशिवाय लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे ही घट अपेक्षित धरू नका आणि युरोपशी तुलना करताना व्हॅट काढलेला आकडाच समोर ठेवा.

आता ड्युटी. खासगी वापरासाठी कुरियरने आलेला माल बहुतेक वेळा सीमाशुल्काच्या ९८०४ या शीर्षाखाली लावला जातो. अनेक वर्षं त्यावर ३५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, होता. १०० चे १३८.५० आणि त्याचे १७७.२८, म्हणजे ७७.२८ टक्के. 'परदेशातून मागवलं की पाऊणपट ड्युटी' हे जे सगळीकडे ऐकू येतं ते या हिशोबातून आलेलं आहे. तो हिशोब आता जुना झाला. जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आणि मूळ शुल्काचा दरही अलीकडच्या अर्थसंकल्पांत खाली आला. म्हणून कुणाच्या जुन्या बिलावरून अंदाज बांधू नका. ऑर्डरच्या दिवशीचा दर केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा किंवा कुरियर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाला ईमेल करून लेखी घ्या.

दर बदलले तरी पद्धत तीच राहते, ती हातात असली म्हणजे झालं. ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. विम्याचा आकडा बिलात नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च कितीही असला तरी मूल्यांकनाच्या नियमांप्रमाणे तो वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचा असतो. ही तरतूद कुरियरचे लोक स्वतःहून सांगत नाहीत, आपण बिलात तपासायची. आणि युरोचा भाव गूगलवरचा चालत नाही, सीमाशुल्क विभागाने त्या काळासाठी अधिसूचित केलेला लागतो.

तेच जॅकेट पुढे नेऊ. सोपं पडावं म्हणून युरो १०० रुपयांचा धरू, मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. जॅकेट २५,२०६ रुपये, कुरियर ४५ युरो म्हणजे ४,५००, विमा साधारण २८४. बेरीज २९,९९०. मूळ शुल्क आणि अधिभार मिळून ११ टक्के, त्यावर आयजीएसटी, एकूण ३०.९८ टक्के. ड्युटी झाली जवळपास ९,२९०. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप बहुतेक बँकांत ३.५ टक्क्यांपर्यंत जातो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के, म्हणजे आणखी १,२२७. शिवाय कुरियर कंपनी आपल्या वतीने आधी ड्युटी भरते त्याची हाताळणी फी आणि त्यावर कर. सगळं धरून ४१ हजारांच्या आसपास. स्क्रीनवर व्हॅटसकट २९,९९५ रुपयांचं दिसणारं जॅकेट पुण्यात दारात ४१ हजारांना. जुन्या ७७.२८ टक्क्यांत हेच ५४ हजारांच्या वर गेलं असतं. तेव्हा नियम सोपा ठेवा: ड्युटीचा दर एकतीस टक्क्यांच्या आसपास असेल तर व्हॅटसकटच्या छापील किमतीला १.३५ ते १.४ ने गुणा आणि तो आकडा इथल्या दुकानातल्या भावाशी ताडून बघा.

छोट्या वस्तूंचं गणित वेगळं बसतं. १०० युरोच्या ग्लव्हजला २५ युरो कुरियर म्हणजे वस्तूच्या पाव किमतीएवढा खर्च नुसत्या प्रवासाला. तेव्हा एकच जोडी एकटी मागवू नका. ग्लव्हज, बॅक प्रोटेक्टर, गुडघ्यांचं आर्मर एकाच खोक्यात बसवा. मात्र एकाच मापाच्या चार जोड्या मागवल्या तर 'खासगी वापर' यावर शंका येते आणि पार्सल व्यापारी आयात म्हणून अडकतं. मित्रांचे ग्लव्हज आपल्या नावावर मागवायचा मोह टाळा.

कुरियरचा खर्च वजनापेक्षा आकारावर ठरतो, हे विसरून अनेकांचा अंदाज चुकतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागलं की येणारा आकडा किलोत धरतात, आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो मोठा तो लागू होतो. ६० बाय ४० बाय १५ च्या खोक्यातलं अडीच किलोचं जॅकेट ७.२ किलोचं ठरतं. आर्मरचे पॅड चपटे असतात, एकावर एक बसतात, जागा खात नाहीत. म्हणूनच परदेशी खरेदीत सगळ्यांत चोख पैसे वसूल करणारी वस्तू कोणती विचाराल तर आर्मर.

इथे थोडं थांबू, कारण आर्मर ही गोष्ट बघून घ्यायची आहे. मध्यम किमतीच्या बहुतेक जॅकेटांत, देशी असो की परदेशी, खांद्याला आणि कोपराला लेव्हल १ किंवा २ चं आर्मर असतं आणि पाठीच्या खिशात मात्र फोमचा एक तुकडा. तो काढून दोन बोटांत दाबला की बोटं एकमेकांना भेटतात. तो फक्त जागा भरायला असतो, पाठीचं रक्षण करत नाही. खरं पाठीचं आर्मर ईएन १६२१-२ या युरोपियन मानकाप्रमाणे तपासलेलं असतं. हातापायाचं आर्मर ईएन १६२१-१ प्रमाणे: ५० ज्यूलचा मार दिल्यावर पलीकडे पोचणारं सरासरी बल लेव्हल १ ला १८ किलोन्यूटनच्या आत, लेव्हल २ ला ९ च्या आत. म्हणजे लेव्हल २ मधून शरीरापर्यंत निम्माच मार पोचतो. डी३ओ, सास-टेक या कंपन्यांचे पॅड युरोपियन दुकानांत हंगामाअखेर बऱ्याच सवलतीत येतात. आर्मरवर कोरलेलं लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचा. मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, त्याखाली मानकाचा आकडा, लेव्हल, शरीराचा भाग दाखवणारं अक्षर, आणि ए किंवा बी हा प्रकार. ए प्रकार कमी जागा झाकतो, बी जास्त. आणखी एक खूण पुण्यासाठी फार महत्त्वाची: 'टी' पुढे अधिक चिन्ह. म्हणजे ते आर्मर ४० अंश सेल्सिअसलाही तपासलेलं आहे. हे मऊ पॅड उष्णतेने आणखी मऊ पडतात. एप्रिलच्या दुपारी सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर काळ्या जॅकेटच्या आत काय तापमान असतं ते इथल्या रायडरला सांगायला नको. ज्या पॅडवर ही खूण नाही त्याने थंड प्रयोगशाळेत लेव्हल २ मिळवलं असेल, कात्रजच्या उतारावर मे महिन्यात ते तसंच वागेल याची हमी त्या लेबलात नाही.

मागवण्याआधी जुन्या जॅकेटचा खिसा टेपने मोजा. पॅडची लांबी, वरची रुंदी, खालची रुंदी दुकानाच्या पानावर दिलेली असते. पॅड खिशात हलला तर आपटताना नेमका जागेवरून सरकतो. खिसा सैल असेल तर वेल्क्रोची पट्टी शिवून घ्या. खिसा घट्ट असेल तर पॅड कापू नका, कापलं की त्याचं प्रमाणपत्र संपलं.

ग्लव्हजचं मानक ईएन १३५९४. त्यात १, १केपी आणि २केपी अशा पायऱ्या. 'केपी' म्हणजे बोटांच्या मुठीवरचं संरक्षण. नुसता १ असलेल्या ग्लव्हजमध्ये मुठीवर कडक प्लास्टिक दिसलं तरी ते चाचणीत उतरलेलं आहे असं समजू नका. घाटात पडणारा माणूस पहिला तळहात टेकवतो. म्हणून तळहाताच्या टाचेवर, मनगटाच्या अलीकडे, गुळगुळीत घसरणारा तुकडा आहे का ते फोटोत शोधा. तिथे नुसतं लेदर असेल तर हात रस्त्याला चिकटतो आणि मनगट मोडतं. तुकडा असेल तर हात घसरत पुढे जातो. मनगटाचा पट्टा लावल्यावर ग्लव्ह बोटं धरून ओढून बघा. निघून आला तर माप चुकलं, कितीही चांगल्या ब्रँडचा असो. शहरात भर रस्त्यावर पाचशे-सातशे रुपयांना जे नामांकित इटालियन नावाचे ग्लव्हज मिळतात त्यांत हे काहीच नसतं, फक्त शिक्का असतो.

जॅकेट आणि पँट यांचं मानक ईएन १७०९२. वर्ग एएए, एए, ए, बी, सी. सर्वांत जास्त घासल्या जाणाऱ्या भागाची चाचणी एएए साठी ताशी १२० किलोमीटरला, एए साठी ७० ला, ए साठी ४५ ला. हा वेग चाचणी यंत्राचा आहे. १२० ने पडलात तरी काही होणार नाही असं वचन त्यात नाही, पण तुलना करायला याहून चांगली मोजपट्टी नाही. बी वर्गाचं कापड ए एवढंच घासलं तरी टिकतं, पण आर्मर नसतं. सी वर्गात उलट, फक्त आर्मर धरून ठेवणारी जाळी असते, घासण्यापासून संरक्षण नाही. सवलतीच्या यादीत सुंदर दिसणारी मेश, म्हणजे जाळीदार, जॅकेटं बहुतेक ए वर्गाची असतात. हिंजवडी ते कोथरूड रोजच्या येण्याजाण्याला ए किंवा एए पुरतं. पहाटे सातारा रस्त्याने कोल्हापूर गाठणाऱ्याने एएच्या खाली जाऊ नये, आणि लेदर घेणार असेल तरच एएएचा विचार करावा.

फार जुना माल स्वस्त असतो त्यामागे एक कारण हेही असतं. युरोपचा वैयक्तिक संरक्षण साधनांचा नवा नियम २१ एप्रिल २०१८ ला लागू झाला. त्याआधीच्या जॅकेटांत बऱ्याचदा फक्त आतलं आर्मर प्रमाणित असायचं, कापड आणि शिवण नाही. जाहिरातीत 'सीई आर्मर' (सीई ही युरोपच्या नियमांत बसत असल्याची खूण) एवढंच लिहिलेलं असेल आणि वर्गाचं अक्षर कुठेच नसेल तर दुकानाला जॅकेटच्या आतल्या लेबलचा फोटो मागा. चांगलं दुकान दोन दिवसांत पाठवतं.

बुटांना जुन्या मालाचा वेगळा धोका आहे. पॉलियुरेथेनचे तळवे हवेतल्या दमटपणाने आतून विरघळत जातात, वापरा किंवा नका वापरू. पाच-सहा वर्षं गोदामात पडलेला बूट दिसायला नवा कोरा असतो आणि इथल्या पहिल्याच पावसाळ्यात तळवा चुरा होऊन सुटतो. निर्मितीचा महिना-वर्ष तळव्यावर किंवा जिभेच्या लेबलवर असतं, दुकानाला विचारून घ्या. बुटांचं मानक ईएन १३६३४, त्यात एकापुढे एक चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. उंची, घासणं, कापलं जाणं आणि चौथा आकडा आडव्या दाबाचा. गाडी पायावर पडली तर हा चौथा आकडा कामाला येतो, म्हणून तो २ असलेला बूट निवडा. पादत्राणांवर आपल्याकडे २०२४ पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. तेव्हा बुटांचे पैसे भरण्याआधी क्लिअरन्स विभागाचं लेखी उत्तर हातात हवंच.

हेल्मेट का नको? १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आपल्याकडे बनवायला, आणायला आणि विकायला आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. युरोपातल्या हेल्मेटवर ईसीई या तिथल्या मानकाचा शिक्का असतो, आयएसआयचा नसतो. पार्सल कस्टममध्ये अडकलं तर ना माल मिळतो ना कुरियरचे पैसे परत येतात. सुटलंच तरी मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट भारतीय मानकाचं असावं असं म्हणतं. तिकडे सवलतीत जे दिसतं त्यातलं बरंचसं ईसीई २२.०५ चं जुनं असतं, कारण २२.०६ आल्यावर दुकानं आधीचा माल मोकळा करतात. आणि खरं सांगायचं तर याची गरजही उरलेली नाही. आयएसआय आणि ईसीई असे दोन्ही शिक्के असलेली हेल्मेट आज पुण्यात दुकानात जाऊन, डोक्यात घालून, गालाचे पॅड दाबून बघून घेता येतात. स्टड्स कंपनीचा एसएमके, वेगा कंपनीचा अ‍ॅक्सोर ही सहज मिळणारी उदाहरणं. हेल्मेट ही माप बघूनच घ्यायची वस्तू आहे.

एअरबॅगच्या जॅकेटात दाबाखालचा वायू असतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर लिथियमची बॅटरीही. विमानाने पाठवताना हा धोकादायक माल ठरतो. शिवाय एकदा फुगल्यावर ते पुन्हा भरून, तपासून देणारं अधिकृत केंद्र जवळ हवं. ब्लूटूथ इंटरकॉमला वायरलेसची सरकारी मंजुरी लागते आणि कार्डो, सेना या दोन्ही कंपन्यांचे इंटरकॉम इथे वॉरंटीसह मिळतात. चेनचा स्प्रेचा डबा कार्टमध्ये टाकूच नका, सगळं खोकं त्याच्यापायी अडतं.

आता माप, कारण परदेशी खरेदी फसते ती बहुतेक वेळा ड्युटीमुळे नाही, मापामुळे. युरोपियन जॅकेटचा आकडा म्हणजे छातीच्या घेराच्या निम्मा. पातळ शर्टावर, काखेखालून, टेप जमिनीला समांतर धरून श्वास सोडल्यावर मोजा. १०० सेंटिमीटर आलं तर ५०, १०४ आलं तर ५२. इंग्लंड-अमेरिकेचा आकडा त्यातून १० वजा करून येतो: ५० म्हणजे ४०. आपल्याकडच्या अनेकांची छाती ५० ची आणि पोट ५४ चं असतं. अशा वेळी इटालियन ब्रँडच्या अंगासरशी जॅकेटच्या वाटेला जाऊ नका, जर्मन टूरिंग ब्रँड बघा, त्यांच्या कमरेला पट्ट्यांनी वाढ असते. पोटासाठी दोन आकडे मोठं घेतलं तर खांदे उतरतात आणि कोपराचं आर्मर मनगटाकडे सरकतं. ते जॅकेट पडल्यावर उपयोगाचं नाही.

पँटसाठी जर्मन दुकानांत एक फार चांगली सोय आहे आणि ती इथे कमी लोकांना माहीत आहे. २४, २५, २६, २७ ही आखूड पायांची मापं. २५ म्हणजे ५० चीच कंबर, पण पाय आखूड. ९८, १०२, १०६ ही उलट लांब पायांची. साडेपाच फुटांच्या रायडरने ५० ऐवजी २५ घेतली तर गुडघ्याचं आर्मर गुडघ्यावरच बसतं. पँट उभं राहून मोजू नका. गाडीवर बसल्यावर ती दहाएक सेंटिमीटर वर चढते. बुटांसाठी पाऊल कागदावर ठेवून लांबी मोजा, त्यात दीड सेंटिमीटर मिळवा आणि दीडने गुणा. २६.५ सेंटिमीटरचं पाऊल म्हणजे ४२. जॅकेट आणि पँट जोडणारी चेन ब्रँडब्रँडची वेगळी असते, एकाचं जॅकेट दुसऱ्याच्या पँटला लागेल असं गृहीत धरू नका.

चुकीचं माप आलं तर? परत पाठवण्याचा कुरियर तुमच्या खिशातून, तिकडून नवं आल्यावर पुन्हा ड्युटी. भरलेली ड्युटी परत मिळवायला सीमाशुल्क कायद्यात कलम ७४ आहे, पण एका जॅकेटसाठी ती कागदपत्रं पुरी करणं म्हणजे जॅकेटच्या किमतीएवढा वेळ घालवणं. माप हुकलं तर वस्तू इथेच दुसऱ्या रायडरला विकण्याची तयारी ठेवा. म्हणूनच टॅग कापायच्या आधी घरात, गाडीवर बसून, हँडल धरून दहा मिनिटं घालून बघा.

पुण्याच्या हवामानाचा विचार इथलं दुकान थोडाफार तरी करतं, तिकडचं दुकान करत नाही. तिथलं 'चारही ऋतूंचं' जॅकेट म्हणजे बाहेर जाड कापड, आत वेगळा पावसाचा अस्तर, त्याच्या आत उबेचा अस्तर. जुलैत ताम्हिणीत असं जॅकेट घातलं तर बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आतून घाम, आणि वाळायला दोन दिवस. आपल्याला सरळ मेश जॅकेट आणि त्यावरून घालायचा इथलाच रेनसूट जास्त सोईचा. लॅमिनेटेड गोअर-टेक्सची गोष्ट वेगळी, त्यात बाहेरचा थरच पाणी आत घेत नाही, पण त्याची किंमतही वेगळी आणि त्यातून वारा फारसा खेळत नाही. लेदर घेतलं तर जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवू नका. पांढरी बुरशी धरते. रुंद हँगरवर, पंख्याच्या वाऱ्याला, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून.

मागवायची वेळ मात्र आपल्या सोयीची आहे. युरोपात गाडी चालवण्याचा हंगाम ऑक्टोबरात संपतो. नोव्हेंबरात मिलानला मोटारसायकलींच्या आयक्मा प्रदर्शनात पुढच्या वर्षीचा माल दिसतो आणि दुकानं चालू वर्षाचे रंग काढायला लागतात. म्हणजे मेश जॅकेट आणि उन्हाळी ग्लव्हज तिकडे सर्वांत स्वस्त होतात ते ऑक्टोबर ते जानेवारीत. आपला उन्हाळा मार्चला सुरू होतो. ५०, ५२ ही चालू मापं पहिल्या आठवड्यातच संपतात, त्यामुळे माप आधी नक्की करून ठेवा आणि सवलत लागली की थांबू नका.

साइट खरी की खोटी हे ओळखायला जर्मन दुकानाच्या पानाच्या तळाशी 'इम्प्रेसुम' नावाचा दुवा शोधा. तिथे मालकाचं नाव, पत्ता, व्यापार नोंदणीचा क्रमांक आणि व्हॅट क्रमांक द्यावाच लागतो. तो व्हॅट क्रमांक युरोपियन आयोगाच्या व्हीआयईएस पानावर टाकून बघा. सगळीच मापं शिल्लक, सगळ्यावरच सत्तर-ऐंशी टक्के सवलत आणि इम्प्रेसुम गायब, असं दिसलं की बंद करा. पैसे क्रेडिट कार्डाने आणि युरोतच भरा. पान 'रुपयांत भरा' असं सुचवतं तेव्हा ते स्वतःचा महागडा भाव लावत असतं. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी येत नाही, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार त्या दिवसापुरता चालू करा, मर्यादा ऑर्डरएवढीच ठेवा आणि नंतर बंद करा.

पार्सलवरचं नाव आधार किंवा पासपोर्टवरच्या नावासारखंच लिहा. केवायसी अडते ती स्पेलिंगवर, आणि पार्सल तिष्ठत राहतं. वस्तूच्या पानाचा सवलतीसह स्क्रीनशॉट, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये ठेवा. साठ टक्के सवलतीचं बिल पाहून अधिकाऱ्याला किमतीबद्दल शंका येऊ शकते. त्या वेळी हीच तीन कागदपत्रं लागतात. दुकानाला 'गिफ्ट लिहा' किंवा 'किंमत कमी दाखवा' असं कधीही सांगू नका. भेट म्हणून ड्युटीविना माल आणायची वाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, आणि खोटी किंमत दाखवलेला माल कलम १११ खाली जप्त होऊ शकतो. ड्युटी भरायचा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका, अशा खोट्या मेसेजांचा सध्या सुळसुळाट आहे. वेबिल क्रमांक (पार्सलच्या पावतीवरचा) कुरियर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून तिथूनच भरा, आणि कुरियर बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे सीमाशुल्क विभागाला दिलेल्या आयात-नोंदीची, प्रत मागून घ्या. त्यात शीर्ष, युरोचा भाव आणि धरलेली वाहतूक बरोबर आहे का ते ताडून बघा.

खोकं आलं की उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, आधी चारही बाजू. कस्टमने उघडून पुन्हा लावलेली टेप वेगळी दिसते, ती जवळून दाखवा. मग आर्मर काढून मोजा. सवलतीच्या जॅकेटांतून, विशेषतः आधी कुणी परत केलेल्यांतून, एखादा कोपराचा पॅड गायब निघतो. कमी असेल तर त्याच दिवशी दुकानाला लिहा. अख्खं जॅकेट परत न मागता नुसता पॅड पाठवा असं मागितलं तर ते लवकर पाठवतात.